भासऱ्यांची बाटली

आमच्या भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावांनी, चौतीस वर्षांत आमच्याकडे एकच वस्तू मागितली आणि ती दारूची बाटली होती. मागितलीही माझ्याकडे नाही. फोन यांना आला होता. यांना कानाला फोन लावायचा कंटाळा, त्यामुळे स्पीकर चालू होता आणि मी शेजारी पोळ्या लाटत होते.

"तुमी क्रूझवर जाऊन राहिले म्हनते?" अकोल्याहून दादांनी विचारलं.

"हो दादा. सिंगापूरहून निघते जहाज. नागपूरच्या टूरसोबत चाललो आमी."

"तिथी बाटल्या भेटते म्हनते. टॅक्सवाचून."

यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं लाटणं थांबलं होतं.

"भेटत असतीन," हे म्हणाले.

"मंग एक आनजा मले. नाव लिहून घे."

यांनी नाव लिहून घेतलं, माझ्याच डायरीत, देवनागरीत. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "तुमी नाही कावून नाही म्हटलं?" हे म्हणाले, "दादाले कसं नाही म्हनू?"

ते खरंही होतं. यांचे वडील लवकर गेले. दादा पाटबंधारे खात्यात शिपाई म्हणून लागले, पुढची सगळी नोकरी वऱ्हाडातल्या वेगवेगळ्या विश्रामगृहांवर काढली आणि त्या पगारात धाकट्या भावाला पॉलिटेक्निक शिकवलं. त्यांना कधी पिताना कोणी पाहिलं नव्हतं. आमच्या घरात कोणीच पीत नाही. मी स्वतः वलगावच्या पुढच्या एका जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. मुलांच्या हातात पाट्या देऊन गावातून दारूबंदीच्या फेऱ्या काढल्या आहेत. दर रविवारी विहारात पंचशील म्हणते, आणि पाचवं, मद्यापासून दूर राहण्याचं शील म्हणताना माझा आवाज जरा जास्तच चढतो, असं बायका म्हणतात. आणि आता मी परदेशातून दारू आणायची.

"तू थोडीच पिनार आहेस?" हे म्हणाले. "फक्त आनायची आहे."

दादांशी थेट बोलून मी हे मिटवलं असतं. पण आमचं तसं बोलणं नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हा भासऱ्यांसमोर बसायचीही पद्धत नव्हती. पद्धत गेली, पण मी समोर आले की ते पेपर वर धरत आणि मी आत जाऊबाईंकडे जात असे. "बरं आहे ना बाई?" "हो दादा." एवढ्यावर आम्ही चौतीस वर्षं काढली होती.

जहाजावर पहिल्याच संध्याकाळी यांना उलट्या सुरू झाल्या. समुद्र तळ्यासारखा शांत होता. बाकीचे चाळीस जण वरच्या मजल्यावर फोटो काढत होते आणि हे केबिनमध्ये लिंबू हुंगत पडले होते. मला म्हणाले, "दादाची बाटली तेवढी तूच पाहून घे." म्हणजे ती कामगिरी पहिल्याच दिवशी माझ्या अंगावर आली.

दुकान सोन्याच्या पेढीसारखं चकाचक होतं. गळ्यात चष्मा अडकवून, हातात डायरी घेऊन मी आत गेले. विक्रीला उभी असलेली बाई फिलिपिन्सची होती, गोड हसली. मी डायरीतलं नाव वाचलं. तिला कळलं नाही. मी सावकाश, पहिलीच्या वर्गाला शिकवतात तसं फोड करून वाचलं. तरी कळलं नाही. दादांनी ते नाव आयुष्यभर फक्त लेबलावर वाचलेलं, उच्चार त्यांचा स्वतःचा. मग मी प्रत्येक कप्प्यासमोर उभी राहून एकेक लेबल वाचत गेले. अर्धा तास. आमच्या टूरमधल्या दोन बायका अत्तर घ्यायला आल्या आणि मला दारूच्या कपाटात डोकं घातलेलं पाहून अत्तर न घेताच परत गेल्या.

सापडली एकदाची. मी पैसे दिले आणि बाटलीसाठी हात पुढे केला. ती बाई म्हणाली, आता मिळणार नाही. जहाजावर असेपर्यंत बाटली दुकानाकडेच राहणार, शेवटच्या संध्याकाळी तुमच्या केबिनवर पोचवू. हातात नुसती पावती दिली. मी शाळेत पोषण आहाराच्या तांदळाची पोती मोजल्याशिवाय कधी सही केली नाही. इथे मात्र पैसे देऊन, सही करून, रिकाम्या हातांनी निघाले. म्हणून मग रोज सकाळी डेकवर वंदना म्हणून झाली की मी दुकानात एक चक्कर मारू लागले. ती बाई लांबूनच हात हलवून सांगायची, आहे, आहे.

शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांच्या केबिनवर पिशव्या आल्या. आमच्याकडे काहीच आलं नाही. रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या होत्या, कारण त्या जहाजवाले परस्पर खाली नेणार. बाटली आल्याशिवाय मला बॅग बंद करता येईना. मी खाली काउंटरवर गेले. रांग मारुतीच्या शेपटीएवढी. माझा नंबर आला तेव्हा तिथल्या माणसाने संगणकात पाहून सांगितलं, "तुमची बाटली पोचली आहे. सहीसुद्धा झाली आहे."

"कोणाची सही?"

त्याने केबिनचा नंबर सांगितला. तो आमचा पहिल्या दिवशीचा नंबर होता. त्या केबिनमध्ये एसीचं पाणी पलंगावर गळत होतं, म्हणून टूर मॅनेजरने आम्हाला दुसरीकडे हलवलं होतं. नंतर ती दुरुस्त झाली आणि नागपूरचं एक जोडपं तिथे आलं. नवरा बँकेतून निवृत्त झालेला, बायको कडक.

मी जाऊन दार वाजवलं. दार त्या बाईंनीच उघडलं. पलंगावर मधोमध बाटली, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर नवरा, चष्मा हातात घेऊन, परीक्षेत नक्कल करताना सापडलेल्या पोरासारखा.

"कंपनीकडून भेट आली वाटलं हो," तो बायकोला सांगत होता, बहुतेक दहाव्यांदा. "म्हणून सही केली."

"माफ करा," मी म्हटलं. "ती माझी आहे."

तो माणूस उठून उभा राहिला आणि त्याने मला चक्क हात जोडले. बाईंनी मात्र मला खालून वरपर्यंत पाहिलं. "तुमची? तुम्ही तर रोज सकाळी वर बसून प्रार्थना म्हणता."

"भासऱ्यांसाठी आहे," मी म्हटलं.

"असं का," त्या म्हणाल्या. त्या दोन शब्दांत त्यांना जे म्हणायचं होतं ते सगळं आलं. मी बाटली उचलली आणि पदराखाली धरून लांबच लांब कॉरिडॉर चालत केबिनवर आले. हे झोपेतून उठून म्हणाले, "आली का दादाची?" मी बॅग ओढून पलंगावर घेतली.

विमानात बाटली हातात नेता येत नाही, ती मोठ्या बॅगेतच घालावी लागते. मी ती दोन सुती साड्यांत, यांच्या स्वेटरमध्ये आणि वरून टॉवेलमध्ये गुंडाळली. मुंबईला बॅग पट्ट्यावरून घ्यायची, कस्टममधून बाहेर काढायची आणि नागपूरच्या विमानासाठी पुन्हा द्यायची. प्रत्येक वेळी बॅग आपटली की मी कान देऊन ऐकायची आणि नाक लावून वास घ्यायची. पाय दुखत असल्याने यांना व्हीलचेअर मिळाली होती. हे पुढे आरामात, मी मागे बॅगेला कान लावून.

नागपूरला सकाळी उतरलो तेव्हा मला वाटलं, संपलं. टूरची बस अमरावती-अकोल्याच्या लोकांना घरी सोडणार होती. सगळे बसले. मग मॅनेजर दारात उभा राहिला आणि म्हणाला, "एक सूचना आहे. मधात वर्धा जिल्हा लागते. तिथं दारूबंदी आहे. चेकिंग झालं, बाटली निघाली तं बस अडकते. कोणाजवळ असंन तं आत्ताच सांगा."

माझ्या डोळ्यांदेखत तीन-चार जणांनी पायाशी ठेवलेल्या पिशव्या टाचेने मागे सरकवल्या. एक गृहस्थ खिडकीतून ढग पाहायला लागले. आणि मी हात वर केला.

का केला, ते मला आजही सांगता येत नाही. चाळीस वर्षं मुलांना सांगत आले की विचारलं तर खरं सांगावं. त्या सवयीने हात आपोआप गेला असेल. सगळी बस वळून माझ्याकडे पाहू लागली.

"मॅडम, तुमी?" मॅनेजर म्हणाला.

"माझ्याजवळ पावती आहे."

"पावती बरोबर आहे हो. पण ते दाखवत बसलो तं एवढे लोकं खोळंबतीन."

हे माझ्या कानाशी पुटपुटले, "तू हात कावून वर केला?"

"विचारलं त्यानं."

"सगळ्याईलेच विचारलं होतं ना!"

मी उठले. इतकी चिडले होते की डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मॅनेजरला म्हटलं, यांना घरापर्यंत नेऊन सोडा, यांचे पाय दुखतात. बॅग उघडली, टॉवेलमधलं ते गाठोडं पिशवीत घातलं आणि खाली उतरले. हे "अवं, अवं" करत राहिले. बस निघून गेली.

नागपूरहून अमरावतीला, आमच्या घरी, वर्धा जिल्हा चुकवून यायचं तर काटोल, वरूड, मोर्शी असा वळसा पडतो. मी एसटी स्टँडवर आले आणि वरूडची गाडी पकडली. तिथून मोर्शी, तिथून अमरावती. प्रत्येक गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत होती. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे, खिडकीतून धूळ, आणि मांडीवर ती पिशवी, तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांनी धरलेली. जलालखेड्याला शेजारी एक म्हातारी येऊन बसली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "एवढं काय जपून राहिली बाई? काय आहे त्याच्यात?"

"औषध आहे," मी म्हटलं. "भासऱ्याचं."

"लय बिमार आहेत का?"

"हो," मी म्हटलं. पाचव्या शीलाचं ओझं मांडीवर घेऊन चौथंही, खोटं न बोलण्याचं, मोडलं. म्हातारी म्हणाली, बरे होतीन, आणि तिने मला एक संत्रं दिलं. ते मी न सोलता पिशवीत बाटलीशेजारी ठेवलं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. हे दुपारीच येऊन, जेवून, झोप काढून ताजे झाले होते. "चेकिंग झालं का?" मी विचारलं.

"कायचं चेकिंग! कुत्रं नाही आलं बसजवळ," हे हसून म्हणाले. "आन् तिवसा आलं तसं सगळ्याईनं आपापल्या बाटल्या बाहेर काढल्या. पाच निंघाल्या. तुया हात वर केल्याचं नावच काढत होते सारे."

मी पिशवी उचलून आत गेले.

आता प्रश्न अकोल्याचा. कुरिअरवाल्याने पार्सलमध्ये काय आहे विचारलं. मी पुन्हा खरं सांगितलं, आणि त्याने ते परत माझ्याकडे सरकवलं. दादांचा मुलगा पुण्याला, तो दिवाळीशिवाय येणार नाही. हे म्हणाले, गुडघा बरा झाला की नेतो. दोन आठवडे झाले, गुडघा बरा होईना. तोवर बाटली लुगड्यांच्या कपाटात. एका दुपारी विहारातल्या बायका वाचनालयाच्या कामासाठी घरी आल्या. एकीला माझी जुनी पैठणी पाहायची होती. तिने कपाटाच्या दाराला हात लावला आणि मी इतक्या जोरात "नको!" म्हणाले की सगळ्या दचकल्या. त्या गेल्यावर मी यांना म्हटलं, उद्या सकाळी मी अकोल्याला चालले.

बडनेऱ्याहून गाडीने अकोला, तिथून ऑटोने जठारपेठ. दादांचं घर गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर. दार जाऊबाईंनी उघडलं. "अवं, एकटी कशी आली तू?" मी आत गेले. दादा पलंगावर पेपर वाचत होते. मला पाहून पेपर वर जाणार, तेवढ्यात मी पिशवी त्यांच्यासमोर टीपॉयवर ठेवली.

त्यांनी पेपरची घडी घातली. चष्मा पुसला. टॉवेल, स्वेटर, मग एकेक साडी सावकाश सोडवली. बाटली हातात धरून लेबलावरची अक्षरं बोटाने वाचत गेले.

"हेच," ते म्हणाले. "हेच होय."

जाऊबाईंना त्यांनी छोटा स्टीलचा गिलास मागितला. त्या कपाळाला आठ्या घालून घेऊन आल्या. दादांनी बूच काढलं, गिलासात दोन चमचे ओतलं, वास घेतला, आणि तोंडाला लावलं. त्यांचा चेहरा असा झाला की जाऊबाई पाण्याचा तांब्याच घेऊन धावल्या.

"बाप्पा बाप्पा!" दादा म्हणाले. "हे तं दवाखान्यातलं टिंक्चर आहे!" आणि गिलास बाजूला सारून हसायला लागले.

ते हसले आणि माझा बांध फुटला.

"दादा," मी म्हटलं, "तुमाले प्यायची नव्हती तं मले कावून आनाले लावली?" शाळेत आयुष्यभर जपलेली माझी प्रमाण भाषा कुठल्या कुठे गेली. "दुकानात अर्धा घंटा दारूच्या कपाटात डोकं घातलं मी. परक्या बाईच्या केबिनीतून सोडवून आनली. साऱ्या बसमंधी हात वर केला. काटोल, वरूड, मोर्शी, दिवसभर मांडीवर घेऊन आली. एका म्हातारीशी खोटं बोलली. विहारातल्या बायकांवर वरडली. अन् तुमी म्हनता टिंक्चर!"

जाऊबाई तांब्या घेऊन तशाच उभ्या. माझं मलाच नवल वाटत होतं. तरी मी खाली बसले नाही.

दादांचं हसू थांबलं. त्यांनी बाटलीला बूच परत लावलं. मग म्हणाले, "बसा बाई."

मी बसले. त्यांच्यासमोर, खुर्चीवर.

"रेस्ट हाउसवर साहेब लोकं येत," ते म्हणाले. "मोठा साहेब आला का हे बाटली राहे. जीपमधून उतरवून मीच आत नेऊन ठेवो. किती वर्षं नेल्या त्याची गनती नाही. एक साहेब असा होता, त्याले मी देल्लं पानी चालत नव्हतं. सोता उठून माठातून घे. पन मी आनलेली बाटली चालत होती त्याले. तिचं झाकन बंद राहे ना."

खाली गल्लीत भंगारवाला ओरडत गेला.

"मले प्यायची नव्हतीच," दादा म्हणाले. "मले वाटे, एकदा हे बाटली कोनीतरी मायासाठी उचलून आनली पायजे. बस. धाकट्याले म्हटलं, तो आनन. तुमाले एवढा तरास होईन, हे काही ध्यानात नाही आलं."

माझा राग तेवढ्याने गेला, असं म्हणणं खोटं होईल. तो होताच. फक्त तो दादांवर काढता येईना. मी म्हटलं, "फोनवरच सांगतलं असतं हे, तं मी तोंड न वाजवता आनली असती."

"हे फोनवर सांगाची गोठ आहे का?" ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "मोर्शीहून कोन्त्या रस्त्यानं आल्या? धरणाकडला फाटा लागला असंन." त्या धरणावरच्या विश्रामगृहात त्यांनी सहा वर्षं काढली होती. ते त्या रस्त्यावरचं एकेक झाड सांगायला लागले. कुठल्या खोलीत साप निघायचा, कुठल्या साहेबाची बायको खानसाम्याला स्वयंपाक शिकवायची, आणि तो पुन्हा आपल्याच पद्धतीने कसा करायचा. मी त्यांना बसमधल्या टाचेने सरकवलेल्या पिशव्या सांगितल्या. तेव्हा ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. "अन् तुमी एकल्यानंच हात वर केला!" जाऊबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली. मला वाटतं, चौतीस वर्षांत आम्ही बोललो त्याहून जास्त त्या दुपारी बोललो.

त्यांनी बाटलीचं काय केलं, ते मला महिन्याभराने जाऊबाईंच्या फोनवरून कळलं. एका दुपारी दादांनी आपल्या जुन्या सोबत्यांना बोलावलं. एक जीपचा ड्रायव्हर, एक खानसामा आणि दोन चौकीदार, सगळे सत्तरीच्या पुढचे. त्यांना ओळीने खुर्च्यांवर बसवलं. ट्रेमध्ये गिलास मांडून स्वतः आत-बाहेर करत प्रत्येकाला थोडी थोडी दिली. चौघांचीही तोंडं वाकडी झाली, आणि चौघांनीही संपवली.

"घरभर वास," जाऊबाई फणकारल्या. "दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या. अन् ते गिलास काही मी घासले नाही. त्याईलेच घासाले लावले."

"घासले का दादाईनं?" मी विचारलं.

"घासले तं," त्या म्हणाल्या. "शिट्टी वाजवत."